आई, खाली वाक, दिसतेस!

मी सोलापुरात एकतीस वर्षं फोटोग्राफर आहे आणि माझ्या आईचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

(आधार कार्डावरचा होता. पण त्यात आईचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं होतं. ते कार्ड बघून एका कचेरीत तिला, "आजी, हे तुमच्या आईचं कार्ड आणलंत काय?" असं विचारलं होतं.)

आता यात माझी चूक शून्य, हे मी सुरुवातीलाच ठामपणे सांगून टाकतो. फोटो चुकवण्यात आमची आई पटाईत होती. मी कॅमेरा उचलला रे उचलला की तिला काम आठवायचं. "थांब, दूद उतू जातंय!" (दूध सकाळीच तापवून झालेलं असायचं.) "थांब, पानी सुटलंय!" (आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, त्यामुळे या कारणापुढे देवाचंही काही चालत नाही.) यातूनही कधी कोपऱ्यात सापडलीच, तर समोर नातवंड धरायची आणि म्हणायची, "आदी लेकरांचं काड की. माजं काय, मी हायच हितं."

या "हायच हितं"वर मी एकतीस वर्षं निवांत काढली.

आई मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. पुढं गिरणी बंद पडली. अण्णा घरात बसले आणि आई उखळापाशी बसली. शेंगाचटणी कुटून ती घरोघर द्यायची. त्या चटणीवर मी शिकलो, म्हणजे बारावीपर्यंत पोचलो आणि तिथं आपटलो. "मला फोटोग्राफर व्हायचंय," असं मी जाहीर केलं तेव्हा अण्णा म्हणाले, "लग्नात फुकट जेवाय मिळतं म्हनून व्हय रं?" (कारण बऱ्यापैकी खरं होतं.)  आईनं पुढच्या खोलीतलं उखळ आणि शेंगांची पोती मागच्या पत्र्याखाली नेली, खोली धुऊन काढली आणि मला म्हणाली, "घे. ह्यो तुजा स्टुडू."

सोलापूरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, ती पुढची कितीतरी वर्षं चटणी कुटत होती आणि मी तिच्या खोलीत पंखा लावून बसत होतो. हे मला आत्ता लिहिताना पहिल्यांदा नीट लक्षात येतंय.

शिवाय स्टुडिओतही तिला एक काम होतं. तान्ह्या बाळांचे पासपोर्ट फोटो! ज्यानं हे काम केलं नाही त्याला वाटेल, त्यात काय एवढं? बाळाला बसता येत नाही, मान धरता येत नाही, मागं सगळं पांढरंशुभ्र हवं आणि दुसऱ्या माणसाचं बोटसुद्धा दिसता कामा नये असा नियम! मग आई खुर्चीवर बसायची. तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत मी पांढरी चादर टाकायचो आणि चादरीवरून तिच्या मांडीवर बाळ ठेवायचो. आई चादरीच्या आतून बाळाला दोन्ही हातांनी धरायची आणि आतूनच हसवायची. मराठी बाळाला "आगं बया बया", तेलुगू बाळाला "रा रा", अक्कलकोटकडच्या कानडी बाळाला "बा बा". आवाज कुठून येतोय ते बाळाला कळायचं नाही, ते चक्रावून इकडंतिकडं बघायचं आणि एकदम गोड हसायचं. नेमकं त्याच वेळी आईचं डोकं चादरीत टेकडीसारखं वर यायचं, आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडायचो, "आई, खाली वाक, दिसतेस!"

ती बिचारी आणखी खाली वाकायची.

गेल्या साली संक्रांतीची यात्रा झाली आणि चार दिवसांनी आई गेली. सकाळी चटणीचा डबा भरून ठेवला, "जरा पडते" म्हणाली, आणि पडली ती उठलीच नाही. दहाव्याला फुलं वाहायला फोटो हवा, तर घरात फोटो नाही! शेवटी आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. टेंभुर्णीच्या एका पाहुण्यांनी हात जोडले, फोटोकडं बराच वेळ बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोग्राफरची आई, आणि लोक तिला फोटोवरून ओळखत नाहीत! मी तिथल्या तिथं पण केला की वर्षश्राद्धाला आईचा असा फोटो लावीन, की याच पाहुण्यांनी बघताक्षणी "सुभद्राबाई!" म्हणून हाक मारली पाहिजे. आणि नुसता घरात नाही. चौकात फ्लेक्स!

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा मी शोधाला लागलो. अल्बम काढले, तीन हार्डडिस्क काढल्या. आई सापडली की! चारशेच्या वर फोटोंत सापडली. प्रत्येक फोटोत बाळाच्या मागं एक पांढरी टेकडी.

माझी मुलगी प्राजू (अकरावीला आहे) मागं येऊन उभी राहिली. "पप्पा, माझ्याकडं आज्जीचा एक फोटो आहे."

"कशावर काढलेला?"

"मम्मीच्या जुन्या मोबाईलवर. मी पहिलीत असताना."

"बाळा," मी मायेनं म्हणालो, "फ्लेक्स दहा फुटी असतो. तुझा तो फोटो एवढा ताणला तर त्याचे दाणे शेंगदाण्याएवढे दिसतील. रिझोल्यूशन नावाची एक चीज असते."

"बघा तरी."

"एकतीस वर्षं हेच बघतोय मी."

ती गेली. आणि दुसऱ्याच दिवशी मला टेंभुर्णीच्या एका लग्नाच्या अल्बममध्ये आई सापडली! दहा-बारा वर्षांपूर्वीचं लग्न. मांडवाच्या खांबाला टेकून, हिरव्या इरकल लुगड्यात, कुणाकडं तरी बघून दिलखुलास हसणारी आई! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की माझी बायको सुनंदा पिठाचे हात घेऊन धावत आली.

तिनं फोटो बघितला. "अहो, या आई नाहीत. या कौसामावशी आहेत."

कौसामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला मोडनिंबमध्येच दिली आहे. दोघी एका साच्यातल्या. तेच नाक, तेच कपाळ. त्यात आमचे मामा दर दिवाळीला दोघींना एकाच रंगाची इरकल घ्यायचे, भांडण नको म्हणून. पण म्हणून काय पोटच्या पोराला आई ओळखू येणार नाही?

"सुनंदा, चेहरे ओळखणं हा माझा धंदा आहे."

"आईंच्या हनुवटीवर गोंदणाचे दोन ठिपके होते. इथं कुठंयत?"

"उडाले असतील."

"गोंदण उडतं होय?"

"प्रिंटमध्ये उडतं!"

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि हनुवटीवर दोन हिरवे ठिपके काढले. शेजारी शेजारी, अगदी आईसारखे. सुनंदा हलली नाही.

"आईंचा पुढचा दात टेंभुर्णीच्या लग्नाआधीच कडक भाकरीनं पाडला होता. ही बाई बत्तीशी दाखवून हसतीय."

मी दात पाडला. पाच मिनिटांत, रक्ताचा थेंब न सांडता! दातांच्या डॉक्टरनं येऊन शिकावं असं काम झालं होतं ते. मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या थोड्या वाढवल्या, केस थोडे पिकवले आणि खुर्ची मागं सरकवून विचारलं, "आता?"

"आता आईच वाटतायत," सुनंदा म्हणाली. आमटी खारट झाल्यावर मी "चालतंय" म्हणतो ना, अगदी त्या सुरात म्हणाली.

फ्लेक्स छापायचं काम रफिकभाईंचं. त्यांचं दुकान आमच्या बोळातच. त्यांच्या तिन्ही पोरांचे पहिले फोटो आईच्या मांडीवर निघालेले. त्यांनी पडद्यावर फोटो उघडला आणि मान वाकडी करून बघत राहिले.

"दत्ताभाई, ये अम्मा नै लगरे मेरेकू."

"रफिकभाई, तुम्ही छापा हो."

"छापता की. लेकिन अम्मा का हसना ऐसा नै था. मेरे बच्चों कू गोदी में लेको हसते थे, वो अब्बी याद है मेरेकू."

"अहो, आई तेव्हा चादरीच्या आत होती. तुम्ही तिला हसताना बघितलं कधी?"

"वो भी सही है," रफिकभाई म्हणाले आणि छापायला लागले. वादात मी सहसा हरत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी, चौकात, फ्लेक्स चढला. खाली कमळं, वर ढग, ढगांतून किरणं, आणि मधोमध दहा फुटी आई! "प्रथम पुण्यस्मरण. कै. सुभद्राबाई." खोटं सांगत नाही, माझे डोळे भरून आले. मी खाली उभा राहून म्हणालो, "बघ आई, शेवटी काढलाच की नाही तुझा फोटो?" मग फ्लेक्सचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. प्राजू शेजारीच होती. "पप्पा, माझ्याकडचा एकदा..." असं ती म्हणाली. मी फ्लेक्सकडं बोट दाखवलं. याहून आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी दहाला भजन, बाराला फुलं, मग जेवणं असा बेत होता. नऊच्या सुमारास फोन आला. कौसामावशीचा थोरला, बाळूदादा, मोडनिंबहून.

"दत्ता! ग्रुपवर ह्यो कसला फोटू टाकलास? आईला मी आत्ता साडेसातला यष्टीत बसवून दिलीया, आन तू तिचा पुण्यस्मरनाचा बोर्ड लावलास व्हय?"

"बाळूदादा, ती माझी आई आहे."

"आरं, माजी आई मला कळंना व्हय?"

"हे बघ, मी एकतीस वर्षं..."

"आन मी पंचावन वर्सं तिचा ल्योक हाय! कानात बग! टेंभुर्णीच्या लग्नात माज्या बायकूच्या मोत्याच्या कुड्या घातल्या हुत्या आईनं. आजून परत दिल्या न्हाईत! आमच्यात अजून त्येच्यावरनं चालू हाय!"

मी पळत स्टुडिओत गेलो आणि फोटो मोठा केला. ठिपके मी काढले होते. दात मी पाडला होता. सुरकुत्या माझ्या, पिकलेले केस माझे. कानाला मात्र मी हात लावला नव्हता. आणि कानात मोत्याची कुडी होती! माझ्या आईनं जन्मात कधी मोती घातला नाही.

मी थेट देवदर्शनाला निघाल्यासारखा अनवाणी सुटलो. वाटेत रफिकभाईंना ओरडलो, "शिडी! कात्री!" ते शिडी घेऊन मागं, भजनाला आलेले दोघं टाळ घेऊन त्यांच्या मागं, सुनंदा आणि प्राजू त्यांच्याही मागं. बोळाच्या तोंडाशी पोचलो, पण उशीर झाला होता.

फ्लेक्सच्या बरोबर खाली रिक्षा उभी होती. रिक्षातून कौसामावशी उतरत होती. तीच हिरवी इरकल, काखेत कडक भाकरीचा डबा. रिक्षावाला एकदा वर बघत होता, एकदा मावशीकडं. भाडं न घेताच त्यानं रिक्षा वळवली. समोरचा पानवाला सकाळपासून येता-जाता फ्लेक्सला हात जोडत होता. मावशीला बघून त्याचे हात जोडलेलेच राहिले आणि तो तसाच मागं मागं सरकत टपरीत शिरला.

मावशी मात्र फ्लेक्सकडं बघून खुलली होती. तिला अक्षरओळख नाही, हे मी तोपर्यंत विसरलो होतो.

"दत्ता! आरं, येवडं कशाला रं!" ती पदर तोंडाला लावून लाजली. "माजं येवडं मोटं स्वागत! नगरशेवक आल्यावानी! कमळं काय, ढग काय! आरं, जल्मात कुनी माजा फोटू लावला न्हाय. आन तू भर चौकात लावलास!"

मी रफिकभाईंकडं बघितलं. रफिकभाई शिडीकडं बघायला लागले.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, राहू दे. म्हातारी एवढी खूश आहे, स्वागत तर स्वागत! पण तेवढ्यात मावशीनं डोळ्यांवर हात धरून नीट वर बघितलं.

"दत्ता, माजा दात कुटं गेला रं?"

 मावशीनं आ केला आणि नखानं पुढचे दात टकटक वाजवून दाखवले. "ह्ये बग. पंच्याहत्तरीला बी बत्तीसच्या बत्तीस! ऊस खाते मी आजून! आन माज्या हनुवटीला काय लागलंय त्ये..."

बोलता बोलता तिचा हात आपल्याच हनुवटीवर गेला. तिथं काहीच नव्हतं.

"ह्ये तर अक्काचं गोंदान हाय," ती हळूच म्हणाली.

मग मी सांगितलं. चौकात, सगळ्यांसमोर. "मावशी, हे स्वागत नाही. हे आईचं पुण्यस्मरण आहे. माझ्याकडं आईचा फोटो नव्हता. तुझ्या फोटोला मी आई समजलो. ठिपके मीच काढले, दातही मीच पाडला."

मावशीचा हात भारी आहे. लहानपणी मी तो खाल्लेला आहे. म्हणून मी गाल पुढं करून डोळे मिटले. पण थप्पड आली नाही. डोळे उघडले तर मावशी भाकरीचा डबा मांडीवर घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती.

"ठिपकं दोन का काडलंस?"

"आईला दोनच होते."

"दोन का हुते, ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षं मी ते ठिपके बघितले होते, आदल्याच महिन्यात मोजून मापून काढले होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"आमी ल्हान हुतो," मावशी सांगायला लागली. "वस्तीवर गोंदनारी आली. आईनं दोगींना पुड्यात बसवलं. मी सुई बगितली आन पळाले, ज्वारीत जाऊन बसले. आई काटी घिऊन माज्या मागं निगाली, तवा अक्का म्हनली, तिला मारू नगं आई, तिच्या वाटनीचं बी माज्यावरच काड. म्हनून दोन. योक तिचा आन योक माजा." तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम हसली. "आन तू बग! सत्तर वर्सानं माज्या वाटनीचं मला दिलंस!"

मी रडलो. चौकात, अनवाणी, रडलो. शिडी धरून उभे असलेले रफिकभाईसुद्धा रडले. टाळवाल्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण तेही रडले.

"पन दात का पाडलास, मेल्या?" मावशी म्हणाली. आणि मग ती थप्पड आली.

घरी आलो. फ्लेक्स उतरवला, भजन उरकलं, पण बाराची फुलं कशाला वाहायची? पाटावर हार होता, उदबत्ती होती, मधोमध रिकामी जागा होती. पाहुणे जमलेले. टेंभुर्णीचे तेच पाहुणे पुढच्याच रांगेत! सुनंदानं कपाटातून आधार कार्डाचा मोठा केलेला फोटो काढला आणि मला दाखवून परत ठेवला. मी मान खाली घालून बसलो. वर्षभर मिरवलेला माझा पण सगळ्यांसमोर मातीला मिळत होता, आणि आईला तिच्या स्वतःच्या वर्षश्राद्धाला चेहरा नव्हता.

प्राजूनं या वेळी विचारलं नाही. तिनं मोबाईल सरळ माझ्या नाकासमोर धरला.

फोटो वाकडा होता. वरून डोकं कापलेलं. खालच्या कोपऱ्यात कापडावर एका बाळाची सावली, नकट्या नाकासकट. बाकी सगळीकडं नुसतं पांढरं. चादरीच्या आतलं पांढरं! स्टुडिओच्या दिव्यांचा उजेड चादरीतून झिरपून आत आला होता, दुधासारखा मऊ. तसल्या उजेडासाठी मी आयुष्यभर छत्र्या, पडदे आणि नाना तऱ्हेचे दिवे घेत आलो आणि मला तो कधी जमला नाही. त्या उजेडात आई होती. डोळे सताड उघडे, पुढचा दात नाही, हनुवटीवर दोन ठिपके. थेट समोर बघून हसत होती.

"मी चादरीत आज्जीजवळ बसायचे," प्राजू म्हणाली. "तुम्हाला दिसू नये म्हणून ती मला पदराखाली घ्यायची. त्या दिवशी मम्मीचा मोबाईल होता माझ्याकडं. तुम्ही बाहेरून ओरडलात, 'आई, खाली वाक, दिसतेस!' तशी आज्जी मला म्हणाली, 'दिसाया लागले वाटतं मी! काड मंग फोटू.'"

 आईला फोटो आवडत नाही, असं मी एकतीस वर्षं गावभर सांगत होतो. तिला "दिसू नकोस" म्हणून रोज ओरडणारा मीच होतो. चादर मी टाकायचो आणि ती उचलून आत बघावं, असं मला एकदाही सुचलं नाही. ते एका पहिलीतल्या पोरीला सुचलं.

रफिकभाई मोबाईल घेऊन धावले. बाराला दहा कमी असताना फोटो आला. दाणे दिसत होते, शेंगदाण्याएवढेच. कुणाची काही अडचण झाली नाही. रफिकभाई खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून सगळ्यांना सांगत सुटले, "ये नाक देखो! हमारी मुस्कान का है ये!" आणि टेंभुर्णीचे पाहुणे फुलं घेऊन पुढं आले, फोटो बघितला, आणि त्यांच्या हातातली फुलं तशीच राहिली.

"सुभद्राबाई!" ते म्हणाले.

जाताना मावशीनं फ्लेक्स मागून घेतला. "नीट गुंडाळून दे. पुडं लागनारच हाय की! नाव तेवडं बदलून घेतील पोरं. आन दात बसवून दे माजा."

"आणि ठिपके?"

"योक ठीव," मावशी म्हणाली.

मी दात बसवला, एक ठिपका ठेवला आणि नवीन छापून मोडनिंबला पाठवला. बाळूदादाच्या बायकोनं म्हणे फ्लेक्समधल्या कुड्यांकडं बोट दाखवून पहिल्याच दिवशी विषय काढला.

स्टुडिओ अजून चालू आहे. पाटावरचा तो फोटो आता तिथं भिंतीवर आहे. येणारे लोक बघतात आणि विचारतात, "हा तुम्ही काढलाय?" मी नाही म्हणतो आणि प्राजूकडं बोट दाखवतो. त्यामुळं आता बाळाचे फोटो काढायचे तर लोकांना प्राजूच लागते. सुट्टीच्या दिवशी ती कॅमेऱ्यामागं असते. आणि बाळाला धरायला अनुभवी माणूस लागतो म्हणून खुर्चीवर, चादरीखाली, मी असतो. आत उजेड खरंच सुंदर आहे. गुडघे दुखतात, श्वास कोंडतो, "आगं बया बया" म्हटलं की बाळ हसायच्या ऐवजी भोकाड पसरतं. आणि बाहेरून माझी मुलगी ओरडते, "पप्पा, आत घ्या! पोट दिसतंय!"